विजेच्या वाटेवरचा पहारेकरी

उच्च दाबाच्या विद्युत्-मार्गावर दुरुस्तीचें काम निघालें, म्हणजे दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडून तारांतील वीज तोडतात. परंतु एवढ्यानें कामगाराचा जीव सुरक्षित होत नाहीं. शेजारून वाहणाऱ्या दुसऱ्या मार्गाच्या प्रभावानें मेलेल्या तारेंतहि घातक दाब उत्पन्न होतो. दूरच्या टोकाकडून कोणी चुकून वीज सोडण्याचाहि संभव असतो. म्हणून तिन्ही तारा तांब्याच्या जाड दोरांनीं जमिनीशीं बांधून टाकण्याची रीत आहे. यासच अर्थिंग म्हणतात. कामगार मनोऱ्यावर चढतो तो या दोरांच्या भरंवशावर. काम संपलें कीं आधीं दोर सोडावयाचे आणि मग वीज जोडावयाची. हा क्रम चुकला तर काय होतें, आणि तो केव्हां तरी चुकणारच असें धरून इंजिनियरांनीं पहारा कसा बसविला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

घरांतील फ्यूज सर्वांच्या परिचयाचा आहे. वीजमार्गावरील पहिला पहारेकरी तोच. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला कीं त्याची तार वितळते आणि वाट तुटते. मात्र वितळलेला फ्यूज प्रत्येक वेळीं बदलावा लागतो; मैलोगणती लांब मार्गावर त्याचा निभाव लागणें शक्य नव्हतें. १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईस वीज मिळूं लागली, त्या सुमारास मोठ्या मार्गांवर रिले नांवाचें उपकरण रूढ होत होतें. रिले स्वतः वीज तोडीत नाहीं. तो प्रवाहावर नजर ठेवतो आणि संशय आला कीं ब्रेकरला हुकूम देतो. त्या काळच्या रिलेमध्यें ॲल्युमिनियमची एक चकती चुंबकाच्या कह्यांत फिरे; प्रवाह जितका मोठा, तितका तिचा हुकूम लौकर सुटे. दोष ज्या तुकड्यांत असेल तेवढाच तुकडा तुटावा, म्हणून शेवटच्या रिलेला थोडा अवधि, त्याच्या अलीकडच्यास त्याहून अधिक, अशी चढती भाजणी लावीत. परिणाम विपरीत झाला. वीजगृहाच्या दाराशीं झालेला, म्हणजे सर्वांत भयंकर दोष सर्वांत उशिरां तुटूं लागला.

१९२३ सालीं एल. एन. क्रिक्टन यांनीं अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेपुढें एका नव्या रिलेची माहिती मांडली. हा रिले प्रवाहाबरोबर तारेवरील दाबहि पाही. दोष जवळ असला कीं दाब खचतो आणि प्रवाह उसळतो. दोष दूर असला तर दाब पुष्कळ अंशीं टिकून राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून दोषाचें अंतर निघतें, म्हणून त्यास अंतर-रिले हें नांव पडलें. पुढें अशी वहिवाट पडली कीं, आपल्या मार्गाच्या सुमारें ऐशीं टक्के लांबींतील दोष रिलेनें तत्काळ तोडावा, आणि त्यापलीकडील दोषासाठीं सेकंदाचा कांहीं अंश थांबून शेजाऱ्यास संधि द्यावी. जुनें दुखणें यामुळें बरेंचसें गेलें.

तथापि या शहाण्या पहारेकऱ्यासहि एक वैगुण्य होतें. दोष आपल्या पुढ्यांतील मार्गावर आहे कीं पाठीमागें स्टेशनांत आहे, हें तो दाबाच्या आधारानेंच ठरवी. अगदीं स्टेशनच्या तोंडाशीं तिन्ही तारा एकदम जमिनीस भिडल्या तर दाब शून्य होतो, आणि रिलेला दिशा कळेनाशी होते. यावर स्मृतीची योजना निघाली. देवळांतील घंटेचा टोल थांबला तरी नाद कांहीं वेळ घुमत राहतो. तद्वत् दाब गेल्यावरहि त्याचा ठसा थोडीं आवर्तनें टिकून राहील असें मंडल रिलेमध्यें बसविण्यांत आलें. तेवढ्या अवधींत तो दिशा ओळखून हुकूम देई.

पण घंटा मुळीं वाजलीच नसेल तर? मोठ्या मार्गांवर दाब मोजणारें साधन पुष्कळदां ब्रेकरच्या पलीकडे, तारेच्या बाजूस असतें. दिवसभर मेलेल्या तारेवर दाब नव्हताच. रिलेनें स्मरावें तरी काय? अशा तारेवर तांब्याचे दोर तसेच राहिले आणि कोणी ब्रेकर जोडला, कीं दाब शून्य, स्मृति शून्य, प्रवाह मात्र हजारों अँपिअर. फांदी टेकून किंवा आकाशांतील वीज पडून होणारा दोष बहुधा एका तारेचा असतो, आणि ठिणगीच्या कमानींत थोडा तरी दाब शिल्लक उरतो. तिन्ही तारांचा असा निखळ दोष निसर्ग क्वचितच करतो. तो मनुष्याच्या हातचा असतो, आणि तोहि मनुष्याच्याच रक्षणासाठीं बांधलेला! दाराशींचा पहारेकरी असा गप्प राहिला, म्हणजे दूरच्या स्टेशनांतील रिले आपापला अवधि मोजून वाटा तोडूं लागतात. एका मार्गाचें दुखणें अनेकांवर जातें, आणि तोंवर वीजगृहांतील जनित्रें एकमेकांची लय सोडतात.

उपाय नवल वाटावें इतका साधा आहे. मेलेली तार आतां जोडली जात आहे, ही वर्दी रिलेला द्यावयाची. त्यासाठीं ब्रेकर जोडण्याच्या मुठीलाच एक जादा संपर्क लावीत. मूठ फिरली कीं पुढील अल्पकाळ, फार तर अर्धा-एक सेकंद, रिलेनें दिशेचा विचारच करावयाचा नाहीं. मोठा प्रवाह दिसतांच ब्रेकर उघडावयाचा. ज्या क्षणीं या वाटेवर वीज सोडली, नेमका त्याच क्षणीं दोष दुसरीकडे उद्भवणें हा विरळा योगायोग. तेव्हां संशय याच वाटेवर. एरवीं उघड्या तारांवरील बहुतेक दोष क्षणिक असल्यामुळें ब्रेकर आपोआप पुन्हां जोडून पाहण्याची सोय असते. येथें ती रोखून धरतात, कारण बांधलेले दोर आपोआप सुटत नाहींत.

यांतहि एक खोंच निघाली. मार्गाच्या टोकाशीं ट्रान्सफॉर्मर असला तर वीज मिळतांच तो पहिला घोट मोठा घेतो. दोष नसतां प्रवाह उसळतो, आणि उतावळा रिले निरपराध तार तोडून बसतो. अंधारांत बुडालेला मुलूख पुन्हां उजळवितांना हें परवडत नाहीं. म्हणून दाबाचीहि साक्ष घेऊं लागले: घोटाच्या वेळीं दाब बहुतांशीं टिकतो, दोर राहिले असतां तो उठतच नाहीं. १९८४ सालीं एडमंड श्वाइट्झर यांच्या अमेरिकन कंपनीनें अंकीय रिले बाजारांत आणला. अशा रिलेंमध्यें हे सारे तर्क संपर्कांच्या गुंतागुंतीऐवजीं आज्ञावलींत लिहितां येऊं लागले. दाब व प्रवाह दोन्ही नाहींत यावरून तार मेलेली असल्याचें रिले स्वतःच ताडूं लागला.

तरीहि हा पहारा सर्व ठिकाणीं वेळेवर उठतोच असें नाहीं. पाकिस्तानांत सिंध प्रांतांतील गुद्दू येथील औष्णिक वीजकेंद्रांत ९ जानेवारी २०२१ रोजीं दुरुस्तीनंतर एक ब्रेकर जोडण्यांत आला. अर्थिंग काढावयाचें राहून गेलें होतें. दोष जागच्या जागीं तुटला नाहीं. रात्रीं ११ वाजून ४१ मिनिटांनीं देशाच्या वीजजाळ्याची गति ५० आवर्तनांवरून एका सेकंदाच्या आंत शून्यावर आली, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें. कराची, लाहोर, इस्लामाबाद हीं शहरें अंधारांत गेलीं. वीज टप्प्याटप्प्यानें परत आली ती दुसऱ्या दिवशीं. गुद्दू येथील सात कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यांत आलें: एक व्यवस्थापक, आणि बाकीचे सहा त्याच्या हाताखालचे.