कुकी कुणाच्या नावाने?
नेटस्केपने 1995 साली ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणली आणि पाठोपाठ नियमही आला: एका डोमेनवरच्या स्क्रिप्टने दुसऱ्या डोमेनचा मजकूर वाचायचा नाही. वेब सेवा लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना तो अडचण वाटे. मला मात्र तो वेबमधला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

स्क्रिप्ट टॅग मात्र या नियमातून सुटला होता. 2005 च्या डिसेंबरात बॉब इप्पोलिटोने त्याच फटीतून जेसनपीची रीत मांडली: डेटा फंक्शनच्या कंसात गुंडाळून पाठवायचा. आम्ही ती सर्रास वापरली. गोम अशी, की विनंतीसोबत ब्राउझर त्या सेवेची कुकी आपसूक जोडी. माणूस लॉगिन असला, की कुठलंही पान त्याच्या नावाने विचारी आणि उत्तर वाचीही. हे अडवायला, विनंती कुठल्या पानावरून आली ते सांगणाऱ्या रेफरर हेडरवर विसंबावं, तर तो अनेकदा गाळलेला. गुप्त किल्ली यूआरएलमध्ये घालावी, तर पानाचा सोर्स उघडणाऱ्या कुणालाही ती दिसे.

खरी वाट कोर्सने (CORS) काढली: दुसऱ्या ओरिजिनला, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पत्त्याला, उत्तर वाचू द्यायचं की नाही हे सर्व्हरने हेडरमधून सांगायचं. 2014 च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याची शिफारस केली. विनंती कुठल्या साइटवरून आली ते सांगणारा ओरिजिन हेडर ब्राउझर स्वतः लिहितो, स्क्रिप्टला तो बदलता येत नाही. कुकीसह आलेल्या विनंतीचं उत्तर स्क्रिप्टला वाचू द्यायचं, तर सर्व्हरने तशी परवानगी वेगळी द्यायची. तिथे सरसकट मोकळीक देणारी चांदणी (*) चालत नाही, नेमकं ओरिजिन लिहावंच लागतं. ही अट घालणाऱ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. ब्राउझरबाहेरचा प्रोग्राम मात्र ओरिजिन हवं ते लिहू शकतो, म्हणून विचारणाऱ्याची ओळख पटवणारं टोकन तपासणं आजही सुटलेलं नाही.