ज्वारीतले तुरीचे पाटे

१२. ज्वारीतले तुरीचे पाटे : मराठवाडा-विदर्भातील खरिपाची जुनी जोडी. मृगाच्या पावसावर तिफणीने ज्वारी पेरताना ठरावीक तासांनंतर एक तास तुरीचे घेतात. दोन्ही पिके एकदमच उगवतात, तरी एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिले दोन महिने तूर जेमतेम वाढते; तेवढ्यात ज्वारी निसवते आणि चारेक महिन्यांत कापणीला येते. मग मोकळ्या रानात तूर फांद्या पसरते आणि सोटमुळाने खालच्या थरातली ओल घेत डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेंगा भरते. तिच्या मुळांवरची गाठ नखाने चिरली की आत गुलाबी-लालसर दिसते. रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र स्थिर करीत असल्याची ती खूण. यातले थोडेच नत्र शेजारच्या ज्वारीला मिळते. खरा लाभ गळलेल्या पाल्यातून पुढच्या पिकाला होतो. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील प्रयोगांत ज्वारीसोबतच्या तुरीवर मर रोगही नुसत्या तुरीपेक्षा कमी आढळला. पावसाचा भरवसा नसलेल्या कोरडवाहू शेतीत भाकरी आणि वरण दोन्हींची तजवीज करणारी ही रीत टिकायलाच हवी. – संपादक