व्हिडिओ गेमवरील कादंबऱ्या आणि वाचकांचा प्रामाण्यविचार : 'हेलो' व 'मास इफेक्ट' या मालिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :

कादंबरीवरून नाटक, कादंबरीवरून चित्रपट या माध्यमांतराची चर्चा आपल्या भाषा-विभागांत दीर्घकाळ होत आली आहे. उलट दिशेने झालेला एक प्रवास मात्र अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. व्हिडिओ गेमवरून कादंबरी लिहिण्याची प्रथा इंग्रजीत आता चार दशकांची झाली आहे. समीक्षेने तिला व्यापाराचे उपउत्पादन मानून बाजूला सारले. परंतु या पुस्तकांना वाचक लाभले, आणि त्या वाचकांची मते अत्यंत ठाम होती. प्रस्तुत निबंधात या कादंबऱ्यांच्या वाङ्मयीन दर्जापेक्षा त्यांच्याविषयीच्या वाचकमताचा इतिहास तपासावयाचा आहे. हे वाचक कादंबरीला 'चांगली की वाईट' हा प्रश्न नंतर विचारतात. 'प्रमाण की अप्रमाण' हा प्रश्न ते आधी विचारतात. या अग्रक्रमामुळे त्यांच्या वाचनाला जी शिस्त आली आणि जी मर्यादा पडली, त्या दोहोंचा येथे विचार केला आहे.

पूर्वपीठिका :

1984 साली ब्रिटनमध्ये 'एलिट' हा अवकाशव्यापाराचा खेळ आला, तेव्हा त्याच्या खोक्यातच रॉबर्ट होल्डस्टॉक यांची 'द डार्क व्हील' ही लघुकादंबरी ठेवलेली होती. पडद्यावर याने दिसत ती केवळ रेषांनी काढलेली. उरलेले सारे वाचकाने त्या पुस्तकातून भरून घ्यावयाचे होते. येथे पुस्तक आणि खेळ यांत विरोध उद्भवण्याचे कारण नव्हते.

विरोध प्रथम ठळकपणे जाणवतो तो 1990 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील स्कोलास्टिक या प्रकाशनसंस्थेने सेथ गोडिन यांनी सिद्ध केलेली 'वर्ल्ड्स ऑफ पॉवर' ही बालवाचकांसाठीची माला प्रसिद्ध केली. 'एफ. एक्स. नाइन' या टोपणनावाने निघालेल्या या पुस्तकांत निन्टेन्डोवरील खेळांच्या कथा सौम्य करून सांगितल्या होत्या. 'मेटल गिअर'च्या मुखपृष्ठावरील नायकाच्या हातातील बंदूक पुसून टाकण्यात आली. 'निंजा गायडेन' या खेळात नायकाचे वडील मरतात. पुस्तकात ते वाचतात. पालकांना हा बदल रुचला असेल. पण ज्या मुलाने तो अवघड खेळ शेवटापर्यंत खेळला होता, त्याला हे पुस्तक खोटे बोलत आहे हे कळत होते. कारण तो मृत्यू त्याने स्वतः पाहिला होता.

1995 पासून निघालेल्या 'डूम'वरील चार कादंबऱ्यांनी याहून मोठे स्वातंत्र्य घेतले. खेळातील अनाम सैनिकास त्यांनी फ्लिन टॅगर्ट हे नाव दिले आणि नरकातील राक्षसांना परग्रहवासी ठरविले. मूळ खेळात कथा जेमतेमच असल्याने तेथे अप्रमाण ठरण्याजोगे फारसे काही नव्हते, एवढेच.

'हेलो' : कादंबरी हाच पूर्वाधार :

'हेलो'च्या बाबतीत क्रम उलटा झाला. एरिक नायलंड यांची 'द फॉल ऑफ रीच' ही कादंबरी ऑक्टोबर 2001 मध्ये, म्हणजे खेळ बाजारात येण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे प्रसिद्ध झाली. खेळात 'मास्टर चीफ' एवढ्याच हुद्द्याने ओळखल्या जाणाऱ्या चिलखतधारी सैनिकाला या कादंबरीने जॉन हे नाव आणि एक बालपण दिले. ते बालपण भयंकर आहे. 2517 साली डॉ. कॅथरीन हॅल्सी यांच्या योजनेनुसार पंचाहत्तर मुले पळवून नेली जातात. त्यांच्या जागी घरी त्यांच्या प्रतिकृती ठेवल्या जातात, आणि त्या प्रतिकृती पुढे आजारी पडून मरतात. आईवडील आपले मूल गेले असे समजून शोक करतात. खेळणाऱ्याच्या हातात आलेला वीरपुरुष हा एका शासकीय अपराधाचे फलित आहे, ही जाणीव पहिल्या खेळात कोठेही नव्हती. ती पुस्तकाने दिली, आणि वाचकांनी ती कायमची स्वीकारली.

2003 मधील विल्यम डिट्झ यांच्या 'द फ्लड' या कादंबरीचे स्वागत मात्र थंड झाले. तिचा मोठा भाग पहिल्या खेळाच्या प्रसंगांचेच कथन होता. त्या दालनांतून वाचक स्वतः शेकडो वेळा गेलेला होता. ती लढाई वाक्यांतून पुन्हा वाचताना त्याला कंटाळा आला. खेळात न दिसणाऱ्या सामान्य सैनिकांची ठाणे राखण्याची धडपड ज्या प्रकरणांत आली, तीच त्याला आवडली. येथे मूळ खेळाशी तंतोतंत प्रामाणिक असणे हा गुण न ठरता दोष ठरला, ही बाब लक्षणीय आहे. जे हाताने अनुभवले ते पुस्तकाने पुन्हा सांगू नये, आणि जे सांगेल ते हाताच्या अनुभवाला खोटे पाडणारे नसावे, अशी ही दुहेरी अपेक्षा दिसते. ती पुरी करणे सोपे नाही.

सप्टेंबर 2010 मध्ये 'हेलो : रीच' हा खेळ आला आणि पेच निर्माण झाला. नायलंड यांच्या कादंबरीत रीच ग्रहावरील आक्रमणाला 30 ऑगस्ट 2552 रोजी तोंड फुटते व ग्रह पाहतापाहता पडतो. खेळात हे युद्ध जुलैपासून कित्येक आठवडे चालते. कादंबरीत 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज अवकाशात आहे, खेळात ते जमिनीवर उभे आहे. ज्यांनी नऊ वर्षे कादंबरी प्रमाण मानली होती, त्यांना आता मूळ मालकानेच आपला पाठ बदलल्याचे आढळले. काहींनी खेळ अप्रमाण ठरविला. अधिक कष्टाळू वाचक समन्वयाच्या मागे लागले. खेळाच्या विशेष आवृत्तीसोबत डॉ. हॅल्सी यांची म्हणून एक खाजगी दैनंदिनी छापून दिलेली होती. तिच्यातील नोंदी, खेळात दडविलेले संदेश आणि कादंबरीतील तारखा समोरासमोर मांडून या वाचकांनी दोन्ही वृत्तांत एकाच वेळी खरे ठरतील असा कालानुक्रम जुळविण्याचा प्रयत्न केला. पाठभेदांची तुलना, प्रक्षेपाचा संशय, समकालीन कागदाला अधिक वजन — आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, ती कोणी न शिकविता येथे चाललेली दिसते. सर्वच साधने कल्पित होती, हा भेद अर्थातच मोठा आहे.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. ऐतिहासिक कादंबरीचा वाचकही लेखकाला तारखांवरून धारेवर धरतो. परंतु त्याच्या पाठीशी लेखकाच्या इच्छेपलीकडचा भूतकाळ असतो. 'हेलो'च्या वाचकापाशी तसा भूतकाळ नाही. 'हेलो'च्या कादंबऱ्यांचा कॉपीराइट लेखकाच्या नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या नावे आहे; आणि ज्याच्या मालकीची कथा, त्याला ती बदलण्याचा कायदेशीर अधिकार आहे. तरीही वाचक मालकालाच 'हे खरे नव्हे' असे सांगतो. कायद्याच्या दृष्टीने हा दावा निराधार आहे. वाचनाच्या दृष्टीने तो तसा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

कॅरेन ट्रॅव्हिस यांच्या 'ग्लासलँड्स' (2011) या कादंबरीपासून वाद तारखांवरून नीतीवर आला. ट्रॅव्हिस यांनी डॉ. हॅल्सी यांना कठोरपणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. लेखिकेने पात्रावर सूड उगविला, असे काही वाचकांचे म्हणणे पडले. पळविलेल्या मुलांचा हिशेब अखेर कोणीतरी मागितला, असे इतरांचे. पक्ष कोणताही घेतला तरी हा वाद साहित्याचा आहे, हे मान्य करावे लागते.

'डिसेप्शन'चे शुद्धिपत्र :

'मास इफेक्ट'च्या पहिल्या तीन कादंबऱ्या ड्रू कार्पिशिन यांच्या होत्या. पहिल्या खेळाचे प्रमुख लेखकही तेच असल्याने त्यांच्या शब्दाविषयी वाचकांना शंका नव्हती. चौथी कादंबरी, 'डिसेप्शन', जानेवारी 2012 च्या अखेरीस आली. तिचे लेखन पूर्वोक्त डिट्झ यांच्याकडे गेले होते. काही दिवसांतच वाचकांनी मिळून तिच्यातील चुकांची एक लांबलचक यादी तयार केली. कालगणना, शस्त्रांची रचना, परग्रहवासीयांची शरीररचना व चालीरीती असे बहुविध आक्षेप तीत होते. फेब्रुवारी 2012 मध्ये डेल रे ही प्रकाशनसंस्था व खेळाचे निर्माते बायोवेअर यांनी संयुक्तपणे वाचकांची क्षमा मागितली आणि पुढील आवृत्त्यांत दुरुस्त्या करण्याचे आश्वासन दिले. एखाद्या कादंबरीतील कल्पित तपशिलासाठी प्रकाशकाने वाचकांपुढे नमावे, ही घटना ग्रंथव्यवहारात दुर्मीळच म्हणावी लागेल.

त्या यादीत दोन आक्षेप वेगळ्या जातीचे होते. कार्पिशिन यांच्या 'असेन्शन' (2008) मध्ये गिलियन ग्रेसन ही बारा वर्षांची स्वमग्न मुलगी आहे. तिची बोलण्याची धाटणी, स्पर्शाची भीती, इतरांचे तिला न समजणे हे त्या पुस्तकाच्या गाभ्याशी आहे. 'डिसेप्शन'मध्ये ती मोठी झालेली दिसते, आणि तिची स्वमग्नता नाहीशी झालेली असते. तिचा सांभाळ करणारा हेंडेल मित्रा हा आधीच्या पुस्तकात समलिंगी असल्याचे सांगितले होते. येथे तो स्त्रीकडे आकृष्ट होतो. बंदुकीच्या तपशिलातील चूक आणि या मुलीचे असे पुसले जाणे, या दोहोंना यादीने शेजारी-शेजारी बसविले. क्षमापत्रानेही दोहोंसाठी 'चुका व नजरचुका' हेच शब्द वापरले.

वाचकांची शिस्त आणि तिची मर्यादा या ठिकाणी एकत्र दिसतात. गिलियनचे काय झाले हे त्यांच्याच लक्षात आले. व्यावसायिक संपादकांच्या नजरेतून ते सुटले होते. परंतु ते मांडण्यासाठी त्यांच्यापाशी प्रामाण्याखेरीज दुसरी भाषा नव्हती. 'आधीच्या पुस्तकाशी विसंगत' एवढेच ते म्हणू शकले. समजा ही मुलगी पूर्वीच्या कोणत्याही पुस्तकात आलेली नसती आणि 'डिसेप्शन'मध्येच पहिल्या प्रकरणात स्वमग्न असून शेवटच्या प्रकरणात विनाकारण तशी राहिली नसती, तर त्या यादीत तिला कोणता क्रमांक मिळाला असता, हे सांगता येत नाही. अशी भाषा पुरविणे हे ज्यांचे काम, ते समीक्षक 2012 साली ही पुस्तके वाचत नव्हते.