डोंगरापुढे बसलेला गंगाराम

हिरकणीवाडीत उभं राहून वर बघितलं की मान दुखेपर्यंत कडाच दिसतो. लेकरासाठी अंधारात हाच कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १९९६ पासून इथून रोपवे वर जातो आणि पाळण्यात बसलेला प्रत्येक जण मोबाइल काचेला लावून कड्याचे फोटो काढतो. रायगडाचे असे किती फोटो रोज निघत असतील, देव जाणे.

पण डोंगरासमोर बसून, नजरेनं मोजून, कागदावर जसाच्या तसा उतरवायचा, हे आपल्याकडे फार जुनं नाही. पेशवाईतल्या भिंतीचित्रांत आणि पोथ्यांत डोंगर येतो तो देवाच्या किंवा राजाच्या मागे. चार गोलाकार उंचवटे, वर दोन झाडं, की झाला डोंगर. त्यात चूक काही नाही. त्या चित्रांना डोंगर हवा होता, पण अमुक एक डोंगर नको होता. तो अमुक एक डोंगर कागदावर आणणाऱ्या पहिल्या काही मराठी हातांपैकी एक पुण्यातल्या गंगाराम चिंतामण तांबटचा. काही ठिकाणी त्याचं आडनाव नवगिरे असंही येतं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि त्याचं कारण या गोष्टीतच आहे.

चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहू लागला. राजकारण हे त्याचं काम. पण माणूस चौकस होता. प्राणी, यंत्रं, लेणी, जे दिसेल त्याचं त्याला चित्र हवं असे. कॅमेरा यायला अजून निदान पन्नास वर्षं होती. त्यासाठी त्याला गंगाराम सापडला. पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. गंगारामनं तो काढला, नोव्हेंबर १७९० मध्ये. कातडीच्या घड्या, पायांचा बोजडपणा, सगळं बघून काढलेलं.

ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला १७९१ मध्ये. पुढच्या वर्षी तो पुण्याला आला आणि त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं ते प्रसिद्ध तैलचित्र केलं, जे आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, असं जुन्या पुण्याच्या वर्णनांत सांगितलं जातं. गंगाराम वेल्सच्या हाताखाली आला आणि तेव्हापासून त्याची ओळख एकाच शब्दात उरकली जाते : वेल्सचा शिष्य. वेल्सकडून त्याला खूप मिळालं असणार, दूरचं लहान कसं होत जातं ते, सावलीचा पातळ हात कसा द्यायचा ते. पण गेंडा वेल्सच्या आधीचा आहे. बघण्याची सवय गंगाराम स्वतःची घेऊन आला होता. मला ‘शिष्य’ हा शब्द इथे जरा आळशी वाटतो.

त्याचं मोठं काम लेण्यांचं. वेरूळ आणि कार्ले. ही चित्रं म्हणजे नुसती देवळांची चित्रं नव्हेत. वेरूळला देऊळ आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत. कैलास लेणं आठव्या शतकातलं, अख्खा कातळ वरून खाली कोरत आणलेला, सुमारे तीस मीटर. खाली अंगणात उभं राहिलात तर शिखर दिसत नाही, वर काठावर उभं राहिलात तर खांब दिसत नाहीत. मोबाइलची वाइड लेन्ससुद्धा तिथे हात टेकते. चित्रकारानं कुठे बसायचं? कार्ल्याला अडचण वेगळी. दर्शनी कमानीतून येणारा उजेड सोडला तर आत अंधार, आणि तो उजेडही दिवसभर सरकत राहतो. सकाळी रेखलेली सावली दुपारी खोटी ठरते.

मॅलेटनं वेरूळचं वर्णन लिहून कलकत्त्याला पाठवलं आणि ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापून आलं. त्यामागे गंगारामची रेखाटनं होती. वेल्सही पुढे वेरूळला गेला. मग १७९५ आलं. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले, नोव्हेंबरात ठाण्याला वेल्स तापानं गेला. एका वर्षानं नाना फडणीस याच आपल्या महाडात, रायगडाच्या सावलीत आसरा घेऊन डाव जुळवत बसले होते. दोन वर्षांत चित्रातली माणसंही विखुरली आणि चित्रकारही.

मॅलेट परतला, कागद विलायतेला गेले. १८०३ मध्ये टॉमस डॅनियलनं वेरूळच्या लेण्यांची चोवीस चित्रं छापली. त्या पुस्तकाच्या नावातच ‘वेरूळचा डोंगर’ आहे. चित्रं वेल्सची, देखरेख डॅनियलची, असं मुखपृष्ठ सांगतं. डॅनियलनं वेरूळ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ज्यानं पाहिलं होतं, त्या गंगारामचं नाव तिथे नाही.

यात मला जास्त लागतं ते वेगळंच. गंगारामला डोंगर काढता येत होता, पण कुठला डोंगर काढायचा हे गिऱ्हाईक ठरवत होतं. मॅलेटला लेणी हवी होती, दरबाराला तसबिरी. किल्ले कोणाला हवे होते? मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा रायगडावर सुरू झाल्या, आग लागली, वाडे जळले, १० मे रोजी गड गेला. राजवाडा कसा दिसत होता हे आज आपल्याला जोत्यांवरून आणि बखरींवरून जुळवावं लागतं. जुळवणारा हात जेमतेम पाव शतक आधी पुण्यात होता, वरंधा घाटापलीकडे.

एक डोंगर मात्र त्याच्या नावावर लागतो : पर्वती. श्रावणातल्या दक्षिणेच्या वेळचा. पायथ्याशी रमण्यातली ब्राह्मणांची गर्दी, वर टेकडी आणि देवळं. हे चित्र आणि तो गेंडा, दोन्ही आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत. हो, ब्रिटिश कलेच्या. संग्रहालयाच्या वेबसाइटवर इंग्रजीत ‘गंगाराम’ लिहून शोधलंत तर मोबाइलवर फुकट बघायला मिळतात. पर्वतीचं चित्र बोटांनी मोठं करून बघा, आधी टेकडी आणि मग माणसं.