पडद्यात उरलेला भूलभुलैया

जपानच्या नाम्को कंपनीने १९८० साली आणलेला, तोरू इवातानी यांनी रचलेला 'पॅक-मॅन' हा खेळ उभ्या बसवलेल्या रंगीत चित्रनळीवर दिसत असे. त्या नळीचे बरेचसे दोष आजही दुरुस्त होतात. चित्र वरखाली सरकू लागले तर 'व्हर्टिकल होल्ड' हलकेच फिरवावे. कडा आक्रसल्या तर बहुधा जुने कपॅसिटर बदलावे लागतात. रंगांचे डाग चुंबकत्व उतरवणाऱ्या वेटोळ्याने जातात. (यंत्र बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, जाणकाराविना तिला हात लावू नये.)

एक दोष मात्र कोणत्याही बटणाने जात नाही. या खेळात प्रत्येक पातळीवर भूलभुलैया तोच. वर्षानुवर्षे त्याच रेषांवर इलेक्ट्रॉन आदळून फॉस्फरचा लेप झिजतो आणि वीज नसतानाही काचेमागे त्या भिंती पुसट दिसत राहतात. उपाय एकच, नळी बदलणे. पण पोथीच्या समासातील खुणा आणि हाताळणीचे डाग आम्ही तिच्या इतिहासात धरतो. या भिंतीही अनोळखी खेळाडूंच्या हाताळणीचीच नोंद आहेत. खेळ चालवायचा तर नळी बदलावी, हे आम्हांस मान्य आहे. जुनी मात्र यंत्राच्या नावाची चिठ्ठी लावून जपावी.