गोळी आणि तिच्यासोबतचा कागद

परवा भाचेसुनेचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "आत्या, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पण निर्धास्त कधीपासून राहायचं?" मला हसू आलं आणि भरूनही आलं. १९७७ साली हाच प्रश्न मला पडला होता, आणि विचारायला कोणी नव्हतं.

उत्तर तसं सोपं आहे. दोन संप्रेरकांची नेहमीची गोळी पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू केली तर लगेच लागू पडते. मध्येच केव्हा सुरू केली, तर रोज एक अशा सात गोळ्या होईपर्यंत दुसरी काळजी घ्यायची. गोळीचं मुख्य काम स्त्रीबीज बाहेर पडू न देणं, आणि ते पक्कं व्हायला तेवढे दिवस जातात. एकाच संप्रेरकाच्या गोळीचा हिशेब निराळा, तो डॉक्टरांनाच विचारावा.

हे दिवस मोजणं अगदी सुरुवातीपासूनचं. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी ध्यास घेतला, कॅथरीन मॅकॉर्मिक यांनी पैसा पुरवला, ग्रेगरी पिंकस आणि डॉ. जॉन रॉक यांनी गोळी तयार केली. १९५६ साली प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत मोठी चाचणी झाली. पाळीच्या पाचव्या दिवसापासून वीस दिवस, रोज एक गोळी. ही चाचणी आहे हे त्या बायकांना सांगितलंच नव्हतं! मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी आल्या. तिथलं काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी स्पष्ट कळवलं, की गर्भ राहत नाही हे खरं, पण त्रास फार आहे. ते फारसं मनावर घेतलं गेलं नाही. १९६० साली अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली. त्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आपल्या 'माला-एन'मध्ये, थोड्या वेगळ्या प्रकारचं, ३० आहे.

१९६९ साली बार्बरा सीमन यांनी गोळीच्या धोक्यांवर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी सिनेटमध्ये सुनावणी झाली, तेव्हा बायका उठून विचारू लागल्या, की आम्हाला हे आधी का सांगितलं नाही? त्यातूनच गोळीच्या पाकिटात माहितीचा कागद घालणं तिथे सक्तीचं झालं.

माझ्या पाकिटातही कागद होता. बारीक इंग्रजीत. माझं बी. ए. मराठी माध्यमातलं. देणाऱ्या बाईंनी "रोज रात्री एक घ्या" एवढंच सांगितलं. पाळी होऊन बारा-तेरा दिवस झाले होते. मी त्याच रात्री सुरू केली आणि दुसऱ्या दिवसापासून निश्चिंत झाले. पुढच्या वर्षी धाकटी झाली.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. जे कोणी उघड बोलत नव्हतं ते मराठीत, सरळ शब्दांत लिहिलं, आणि त्यापायी खटलेही सोसले. मी वर्षानुवर्षं इतिहासाच्या तासाला महर्षी कर्वे शिकवले, पण त्यांच्या या मुलाचं नाव वर्गात एकदाही घेतलं नाही. लाज वाटायची. मग कागद देणाऱ्या बाईंना तरी काय बोल लावायचा?

हे सगळं धाकटीला वाचून दाखवूनच इथे लिहिते आहे. ती म्हणाली, "आई, बरं झालं तुला तो कागद वाचता आला नाही." तेही खरंच!

भाचेसुनेला मात्र मी सांगितलं, कागद आधी वाच. नाही कळला तर पुन्हा फोन कर. आणि आवाज खाली करू नकोस.