तळटीप : मक्यावरची ‘नवी अळी’

ही अमेरिकन लष्करी अळी. जुन्या कृषिपुस्तकांतली लष्करी अळी निराळी. दोघींची गल्लत नको. या नव्या अळीचा अमेरिका खंडातला पतंग २०१६ साली आफ्रिकेत, मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्यात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आढळला. अळीला ज्वारीही चालते. मादी पानावर अंड्यांचा पुंजका घालून वर अंगावरची लव पसरते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, सहा अवस्थांत वाढतात. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली की आत अळी असतेच म्हणा. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. कोष मातीत, उबदार हवेत महिन्याभरात नवा पतंग. – संपा.